पाचची गाडी आणि चारचा पाहुणा

हे प्रकरण गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीतल्या एका लहान हॉटेलातले आहे. हॉटेलचे आणि माणसांचे नाव मुद्दामच देत नाही. मी डिचोलीला संध्याकाळी बोलक्या इंग्रजीचा वर्ग घेते. त्या हॉटेलच्या रिसेप्शनवर बसणारी मुलगी पूर्वी माझ्या वर्गाला यायची. झाल्या प्रकारानंतर मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून घेतले आणि लॉग बुक, पाहुण्याचा तक्रारीचा मेल, तिने त्याला पाठवलेले उत्तर असे सगळे कागद समोर ठेवले. "मुलगी हुशार आहे, कामाला चोख आहे, पण इंग्रजीत कुठेतरी गडबड होतेय. तुम्हीच बघा," असे ते म्हणाले.

कागद वाचल्यावर दिसले की इथे एकात एक तीन गोष्टी अडकल्या आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी इंग्रजीतले शॉर्ट फॉर्म आहेत: गना (गोइंग टू), वॉना (वॉन्ट टू), गॉटा (गॉट टू), आउटा (आउट ऑफ), कॅन्ट (कॅनॉट), डोन्ट (डू नॉट). आधी ते कानाला कळले नाहीत. मग नको तिथे लिहिले गेले. शेवटी साहेबांनी ते सरसकट बंद केले, तेव्हा तिसरीच अडचण उभी राहिली.

काय घडले

पाहुणे अमेरिकन होते, एकटेच आले होते. पहाटे पाच वाजता मोपा विमानतळावर सोडायला हॉटेलची गाडी सांगून ठेवली होती. आदल्या रात्री विमानाची वेळ अलीकडे आली, म्हणून त्यांनी खोलीतून रिसेप्शनला फोन केला. नाईट शिफ्टला ही मुलगी होती. बोलणे अर्ध्या मिनिटाचे. फोन ठेवल्यावर तिने लॉग बुकात इंग्रजीत नोंद केली, तिचा अर्थ असा: पाच चालेल म्हणाले, चारपर्यंत इथे येऊन थांबतील, गाडी ५ वाजता.

पहाटे चारला पाहुणे सामान घेऊन खाली आले. गाडी नव्हती. ड्रायव्हरदादा घरी झोपलेले. त्या वेळी किनाऱ्यावर टॅक्सी मिळणे किती कठीण, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बरीच धावाधाव करून कुणाची तरी गाडी मिळाली, पैसे दुप्पट गेले, विमान मात्र सापडले. घरी पोचल्यावर त्यांनी मेल पाठवला. त्यातले महत्त्वाचे वाक्य मराठीत सांगायचे तर: "मी तुमच्या रिसेप्शनला स्पष्ट सांगितले होते की मला पाच जमणार नाही, चारपर्यंत मला इथून निघालेच पाहिजे."

तिला विचारले तेव्हा ती अगदी ठाम होती. "मॅडम, ते ‘कॅन’च म्हणाले. मी नीट ऐकले. आणि ‘हिअर बाय फोर’ म्हणाले, म्हणजे चारपर्यंत इथे खाली येतील असे मला वाटले."

माझ्या मते ती खरेच सांगत होती. तिने जे ऐकले तेच लिहिले.

त्या एका वाक्यात काय काय होते

पाहुण्यांचा मेल आणि लॉग बुकातली नोंद शेजारी ठेवली की फोनवरचे वाक्य जवळजवळ जुळवता येते. पूर्ण रूपात ते असे असते: "आय कॅनॉट डू फाइव्ह. आय हॅव गॉट टू बी आउट ऑफ हिअर बाय फोर." शाळेच्या पुस्तकातले असे वाक्य तिने एका क्षणात ओळखले असते. पण अमेरिकन माणूस घाईत बोलतो तेव्हा कानावर येते ते साधारण असे: "आय कॅन् डू फाइव्ह, आय गाडा बियाउडा हिअर बाय फोर."

पहिला अर्धा भाग घेऊ. ‘कॅन्ट’मधला शेवटचा ‘ट’ अमेरिकन बोलण्यात, विशेषतः पुढे व्यंजन आले की, पूर्ण फुटत नाही. जीभ टाळूपाशी जाते, श्वास क्षणभर अडतो आणि तिथेच थांबतो. म्हणजे ‘ट’ जवळपास ऐकूच येत नाही. मग त्यांचे त्यांना नकार कसा कळतो? स्वरावरून कळतो. होकारार्थी वाक्यात ‘कॅन’ला ते वजनच देत नाहीत, तो ‘क्न’ इतका आक्रसतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो: "आय क्न डू फाइव्ह." नकारात मात्र स्वर पूर्ण, उघडा आणि जोरदार लागतो: "आय कॅन् डू फाइव्ह." भरदार ‘कॅन’ ऐकू आला तर बहुधा नकार, चोरटा ‘क्न’ ऐकू आला तर होकार.

आपला कान याच्या नेमका उलटा तयार झालेला आहे. मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचे माप मिळते. ‘मी करू शकतो’ म्हणताना ‘शकतो’ गिळला जात नाही. तीच सवय घेऊन आपण इंग्रजी बोलतो, तेव्हा होकाराचा ‘कॅन’ही भरदार म्हणतो आणि नकाराचा ‘ट’ स्पष्ट वाजवतो. आपल्या होकाराचा आवाज आणि अमेरिकन नकाराचा आवाज जवळपास सारखा होतो तो असा. मुलीने ‘कॅन’ ऐकला हे खरे होते. तो ‘कॅन’ नकाराचा होता.

ब्रिटिश पाहुण्यांच्या बाबतीत हा घोटाळा कमी होतो, कारण त्यांच्यातले बरेच जण ‘कान्ट’ असा लांब आकार काढतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत वर्षानुवर्षे ब्रिटिश पाहुणे येत आले आहेत, त्यामुळे जुन्या कर्मचाऱ्यांच्या कानात ‘कान्ट’ पक्के बसलेले असते. अमेरिकन पाहुण्यापाशी ती खूण चालत नाही.

आता दुसरा भाग. ‘हॅव गॉट टू’ मधला ‘हॅव’ आधी ‘व्ह’ होतो, मग तोही जातो. ‘गॉट टू’ चा ‘गॉटा’ होतो, आणि दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘ट’ अमेरिकन तोंडात मऊ होऊन ‘ड’सारखा वाजतो. ‘आउट ऑफ’ चा ‘आउटा’, तिथेही तोच मऊ ‘ड’. शिवाय ‘बी’ आणि ‘आउट’ एकमेकांना चिकटून ‘बियाउडा’ असा एकच तुकडा तयार होतो. त्या तुकड्यातला ‘आउट’ तिला सुटा करता आला नाही. हाताला लागले ते ‘बी’, ‘हिअर’ आणि ‘बाय फोर’. त्यातून ‘चारपर्यंत इथे असेन’ असा अर्थ तिने जोडला. व्याकरण चुकले नाही, तर्कही चुकला नाही. पण ‘इथून बाहेर’चे ‘इथे’ झाले आणि सगळे वाक्य उलटले.

हे ऐकून साहेब म्हणाले, "म्हणजे चूक पाहुण्याची. नीट बोलायला नको का?" हा प्रश्न मला फार वेळा ऐकायला मिळतो आणि प्रत्येक वेळी मी जरा रेंगाळून उत्तर देते, कारण इथे एक मोठा गैरसमज आहे. अशी रूपे हा आळस नव्हे. इंग्रजीत अर्थ वाहणाऱ्या शब्दांवर आघात येतो आणि मधले ‘टू’, ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘कॅन’, ‘अँड’ असे शब्द त्या आघातांच्या मधल्या जागेत दाबून बसवले जातात. त्या भाषेची चालच तशी आहे. सुशिक्षित, अशिक्षित, न्यायाधीश, गवंडी, सगळेच बोलताना ‘गना’ आणि ‘वॉना’ म्हणतात. तक्रारही जुनीच आहे: इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये ‘टॅटलर’ या नियतकालिकात लिहून शब्द तोडून आखूड करण्याच्या लंडनच्या सवयीवर कडक टीका केली होती, आणि त्याने नावे ठेवलेल्या रूपांतली ‘कॅन्ट’, ‘कुडन्ट’ आज शाळेच्या पुस्तकात आहेत.

आपणही तेच करतो. ‘काय करतो आहेस’ असे घरात कोण म्हणते? ‘काय करतोयस’ म्हणतो. ‘कुठे आहेस’ चे ‘कुठंयस’ होते. बँकेचे पत्र मात्र ‘आपला अर्ज मिळाला आहे’ असेच येते. ‘अर्ज मिळालाय’ असे आले तर वाचणारा चमकेल. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही ‘असं केलं, मी म्हटलं’ ही बोलण्याची रूपे पात्राच्या तोंडी घालायला मुभा आहे, एरवीच्या लिखाणात ‘असे केले, मी म्हटले’. ही जाण आपल्याला मराठीत कुणी शिकवावी लागत नाही. इंग्रजीत ती आपोआप येत नाही, ती शिकवावीच लागते, आणि शिकवली जात नाही.

गोव्यात ही उणीव जरा जास्त बोचते. या मुलीचेच पाहा. गावातल्या मराठी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत शिकली, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. इतिहास, विज्ञान, गणित सगळे इंग्रजीतून वाचले, लिहिले, पास झाली. पण शाळेच्या आवारात, बसमध्ये, घरात सगळीकडे कोंकणी-मराठी. म्हणजे दहा-बारा वर्षे इंग्रजी डोळ्यांनी आत गेले, कानांनी फारसे गेलेच नाही. तिचा लेखी पाया पक्का आहे. तिला ‘हॅव गॉट टू’ चा अर्थ विचारला असता तर तिने चटकन सांगितला असता. तिला ठाऊक असलेला शब्द तिने कधी त्या आवाजात ऐकलेलाच नव्हता.

उत्तराचा मेल

तक्रार आली तेव्हा साहेब बाहेरगावी होते. त्यांनी फोनवरून सांगितले, "माफी मागून टाक, टॅक्सीचे पैसे परत देतो म्हणून सांग." तिने लिहिले:

"हाय सर, वुई आर रिअली सॉरी. वुई गना गिव्ह यू टॅक्सी मनी. वॉना नो युवर बँक डिटेल्स. होप यू वॉना कम अगेन."

मूळ मेलात ‘आर’ आणि ‘यू’ हे शब्द एकेका इंग्रजी अक्षरात लिहिलेले होते.

मनात काडीचाही उद्धटपणा नव्हता. उलट, पाहुण्याशी मोकळेपणाने, त्याच्या भाषेत बोलायचे म्हणून तिने ही रूपे वापरली. ती तिने मालिका, रील्स आणि गाण्यांतून उचलली होती. ‘खरे इंग्रजी असेच असते’ अशी तिची समजूत झाली होती, आणि बोलण्यापुरती ती बरोबरच होती.

पण कागदावर तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या. एक, ‘डोन्ट’, ‘आयम’, ‘वुई’ल’ यांसारखी स्वल्पचिन्हाची (अपॉस्ट्रॉफीची) रूपे. ही आज वर्तमानपत्रात, कंपनीच्या पत्रव्यवहारात, पाहुण्याला पाठवायच्या मेलात चालतात. दोन, ‘गना’, ‘वॉना’, ‘गॉटा’, ‘लेमी’ (लेट मी), ‘डनो’ (डोन्ट नो). ही उच्चाराची नक्कल आहे. कादंबरीतल्या संवादात, गाण्यात, मित्राच्या मेसेजमध्ये ठीक; तक्रारीच्या उत्तरात ती वाचणाऱ्याला हलकी वाटतात, जणू आपल्या त्रासाची किंमतच कुणाला नाही. तीन, ‘यू’ साठी एकच अक्षर लिहिणे. याचा बोलण्याशी संबंधच नाही, उच्चार तर जसाच्या तसा राहतो. ही फक्त टाईप करायची बचत आहे. शाळेत आणि नोकरीच्या ठिकाणीही या तिन्हींना ‘शॉर्ट फॉर्म’ असे एकच नाव आहे. तिला वेगळे ओळखता आले नाहीत यात नवल नाही.

शिवाय ‘गना’ आणि ‘वॉना’ यांचे स्वतःचे व्याकरण आहे, ते पाळले नाही की वाक्य बिघडते. ‘गना’ म्हणजे ‘गोइंग टू’, पण फक्त पुढे क्रियापद असेल तेव्हा. मडगावला जातोय या अर्थी ‘आयम गोइंग टू मडगाव’ असेच म्हणावे लागते, ‘आयम गना मडगाव’ कुणी म्हणत नाही. आणि त्याच्या आधीचा ‘आर’ किंवा ‘अॅम’ लिहिताना सोडता येत नाही. ‘वुई गना’ तसेच अर्धवट राहिले होते. ‘वॉना’चे तर आणखी मजेदार. ‘वॉना नो युवर बँक डिटेल्स’ असे कर्त्याशिवाय लिहिले की इंग्रजी वाचक तो प्रश्न समजतो: "तुम्हाला तुमचा बँक तपशील जाणून घ्यायचाय का?" तिला म्हणायचे होते, आम्हाला हवा आहे. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या मेलात बँकेचे नाव आणि असे विचित्र वाक्य. पाहुण्याने उत्तर दिले नाही याचे मला आश्चर्य वाटले नाही. त्याऐवजी त्यांनी हॉटेलबद्दल रिव्ह्यू लिहिला. गाडीपेक्षा जास्त ओळी त्या मेलावर होत्या.

पाहुण्याचा स्वतःचा तक्रारीचा मेल मी तिच्यापुढे ठेवला आणि म्हटले, "बघ, याने काय काय लिहिलेय ते बघ." त्यात ‘कुडन्ट’ होते, ‘वॉझन्ट’ होते, ‘आय’ड’ होते. ‘गॉटा’ नव्हते, त्याच्या जागी ‘हॅड टू’ होते. फोनवर ‘आउडा’ म्हणणारा माणूस कागदावर ‘आउट ऑफ’ लिहीत होता. ती बराच वेळ तो मेल वाचत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे हे लोक दोन इंग्रजी वापरतात." तिथून पुढे शिकवणे सोपे झाले.

साहेबांचा नियम

माझ्याकडे प्रकरण येण्याआधीच साहेबांनी एक उपाय करून टाकला होता. रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर कागद: शॉर्ट फॉर्म पूर्ण बंद, बोलताना आणि लिहिताना. साहेब जुन्या वळणाचे. सरकारी पत्रव्यवहार, निविदा, करारनामे यांत पूर्ण रूपेच असतात, आणि तीच त्यांना सभ्य वाटतात. त्यांचा हेतू मला मान्य होता. परिणाम मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता.

दर हिवाळ्यात येणाऱ्या एक वयस्क ब्रिटिश बाई आहेत. त्यांनी मेसेजवर विचारले, सकाळी लवकर पोचतेय, खोली मिळेल का? त्यांना उत्तर गेले: "यू कॅनॉट चेक इन बिफोर टू पीएम. वुई डू नॉट गिव्ह अर्ली चेक-इन." व्याकरणात एकही चूक नाही. त्या आल्यावर ड्रायव्हरदादांना म्हणाल्या, "माझ्याकडून कुणाचे मन दुखावले गेले का?"

हे का होते, ते समजून घ्यायला हवे. इंग्रजीत ‘डोन्ट’ हा रोजचा साधा नकार आहे. ‘डू नॉट’ असे सोडवून लिहिले की ‘नॉट’ वर जोर येतो, आणि ते वाक्य पाटीसारखे किंवा दटावणीसारखे वाचले जाते. खासगी मेसेजमध्ये एखादा इंग्रज माणूस ‘आय डू नॉट’ लिहितो तो बहुधा चिडलेला तरी असतो किंवा मुद्दा ठासून सांगत तरी असतो. आपण सभ्यपणा म्हणून जे पूर्ण लिहितो, ते समोरच्याला रागाचे वाटू शकते. आपल्याकडे आदर दाखवायला ‘तुम्ही’, ‘आपण’, ‘जी’ असे बरेच काही आहे. इंग्रजीत ‘यू’ एकच, म्हणून मवाळपणा दाखवायची जबाबदारी या लहानसहान रूपांवर, ‘आयम अफ्रेड’ (‘माफ करा, पण’ या अर्थी) सारख्या शब्दांवर आणि वाक्याच्या सुरावर येते. ती काढून घेतली की वाक्य उघडे पडते.

साहेबांशी यावर माझी बरीच चर्चा झाली. त्यांचा एक मुद्दा मात्र बिनतोड होता: "मग लॉग बुकात काय लिहायचे? तिथे ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ मध्ये एका अक्षराचा फरक. रात्री पेंगुळलेला माणूस वाचणार." हे अगदी खरे आहे. जिथे चुकीची किंमत मोठी असते, तिथे जगभर हाच विचार केलेला आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांवरच्या संभाषणासाठी ठराविक इंग्रजी वाक्ये स्वीकारली. ती बांधताना पाळलेल्या तत्त्वांत संक्षिप्त रूपे टाळणे हे एक आहे, आणि हो-नाहीच्या प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर देणे हे दुसरे. विमानाचा पायलट आणि कंट्रोल टॉवर तर साधे ‘येस’, ‘नो’ सुद्धा म्हणत नाहीत. ‘अफर्म’ आणि ‘निगेटिव्ह’ म्हणतात, कारण रेडिओच्या खरखरीत ते वेगळे कळतात. आणि ऐकलेली सूचना पायलट परत म्हणून दाखवतो. गोव्यात घराघरांत तारवटी आहेत, जहाजावर नोकरी केलेला काका-मामा आहे. साहेबांचे मेहुणेच जहाजावर होते. ते ऐकून साहेबांचा चेहरा जरा सैल झाला.

काय केले

भिंतीवरचा कागद उतरवला. त्याऐवजी लॉग बुकापुरता नियम ठेवला: तिथे शॉर्ट फॉर्म नाहीत, वेळ आकड्यांत, आणि हो-नाही लिहायचेच नाही, निर्णय लिहायचा. ‘पाच जमणार नाही’ अशी नोंद करायची नाही. ‘गाडी ४ वाजता’ अशी करायची. फोन ठेवण्यापूर्वी वेळ परत म्हणायची: "सो, द कॅब अॅट फोर, राइट?" ही एवढी सवय त्या रात्री असती तर ‘कॅन’ कळला नसता तरी गाडी वेळेवर आली असती, कारण "कॅब अॅट फाइव्ह, राइट?" म्हटल्याबरोबर पाहुणे ओरडले असते.

मग कान. चेक-आऊट संपून चेक-इन सुरू व्हायच्या मधल्या दुपारच्या वेळात आम्ही जेवणाच्या हॉलमध्ये बसायचो. रिसेप्शनवरची मुलेमुली आणि ड्रायव्हरदादा. खऱ्या अमेरिकन, ब्रिटिश, आयरिश माणसांच्या साध्या बोलण्याच्या ध्वनिफिती लावायच्या. भारतीय आवाजात वाचून दाखवून इथे उपयोग नसतो. वाक्य ऐकायचे, आणि अर्थ न विचारता आधी फक्त एवढेच सांगायचे की जोर कुठे आला. ‘कॅन’वर आला की पुढच्या क्रियापदावर? अर्थ सांगायची घाई केली की मन ओळखीचे शब्द जोडून गोष्ट बनवते. त्या रात्री तेच झाले होते. जोर शोधायला लागले की तुकडे आपोआप सुटे होतात.

यात ड्रायव्हरदादा सगळ्यांच्या पुढे निघाले, आणि मला त्याचे मनापासून कौतुक वाटते. शिक्षण फार नाही, इंग्रजी वाचायला अडखळतात. पण वीसेक वर्षे मागच्या सीटवरून येणारे इंग्रजी ऐकत गाडी चालवलेली. ‘बियाउडा हिअर’ लावल्यावर ते लगेच म्हणाले, "जायचेय म्हणतोय तो, घाईत आहे." मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "दादा, तुम्हाला कसे कळले?" "बाय, गाडीत बसले की सगळे असेच म्हणतात." त्यानंतर त्या दोघांनी आपापसात एक पद्धत पाडली: न कळलेले वाक्य ती जसेच्या तसे म्हणून दाखवते, अर्थ ते सांगतात, आणि ते कागदावर कसे दिसते हे ती त्यांना लिहून दाखवते.

बोलण्याबाबत मी सक्ती केली नाही. ‘गना’ म्हटलेच पाहिजे असे काही नाही. दुसऱ्याचे ऐकून कळले पाहिजे, स्वतः ‘गोइंग टू’ म्हटले तरी कुणाचे काही बिघडत नाही. ‘आय’ल’, ‘वुई’ल’, ‘डोन्ट’, ‘इट्स’ ही मात्र तोंडात बसवून घेतली, कारण त्याशिवाय बोलणे पाठ केल्यासारखे वाटते. एक फरक मी खास घोटून घेतला, कारण रिसेप्शनवर तो रोज लागतो. ‘हू डू यू वॉन्ट टू कॉल?’ याचे दोन अर्थ होतात: तुम्हाला कुणाला फोन करायचाय, किंवा फोन कुणी करावा असे तुम्हाला वाटते. ‘हू डू यू वॉना कॉल?’ म्हटले की दुसरा अर्थ उरतच नाही. पाहुण्याने ‘वॉना’ म्हटले तर शंका विचारायची गरज नाही. ‘वॉन्ट टू’ सुटे म्हटले तर विचारून घ्यावे. मुलांना हे इतके आवडले की ती आपणहून उदाहरणे बनवू लागली.

लिहिण्यासाठी ठरवले ते असे: पाहुणा स्वतः जसे लिहितो त्यापेक्षा एक पायरी वर राहायचे. तो ‘वॉना’ लिहितो? आपण ‘वुड यू लाइक टू’ लिहायचे, ‘वुई’ल’ सह. तो पूर्ण औपचारिक लिहितो? आपणही. माफीच्या मेलात स्वल्पचिन्हाची रूपे चालतील, उच्चाराची नक्कल नाही, एकाक्षरी ‘यू’ कधीच नाही.

मग त्या अमेरिकन पाहुण्यांना नवे पत्र गेले. ते तिनेच लिहिले, मी फक्त एक स्वल्पविराम हलवला. "वुई’र सॉरी. यू’ड आस्क्ड फॉर फोर, अँड द कॅब वॉझन्ट देअर. वुई’ल रिफंड व्हॉट यू पेड फॉर द टॅक्सी. प्लीज लेट अस नो हाउ यू’ड लाइक टू रिसीव्ह इट." दोन दिवसांत उत्तर आले, पैसे नकोत म्हणाले, आणि रिव्ह्यूच्या खाली हॉटेलने चूक नीट मान्य केल्याचे लिहिले. त्या ब्रिटिश बाईंना यंदा उत्तर गेले ते ‘आयम अफ्रेड द रूम वोन्ट बी रेडी टिल टू, बट वुई’ल कीप युवर बॅग्ज’ असे.

अजून काय अडते आहे

सगळे सुटले असे नाही. स्कॉटिश पाहुणे आले की ड्रायव्हरदादासुद्धा गप्प होतात. आणि एकच ‘ड’ दोन कामे करतो, तो अजून हुकतो. तिने लिहिलेल्या पत्रातच तो दोनदा आहे: पहिल्या ‘यू’ड’ मध्ये ‘हॅड’, दुसऱ्या ‘यू’ड’ मध्ये ‘वुड’. लिहिताना तिला ते कळते, पण फोनवर ऐकताना नाही. ‘आय’ड बुक्ड अ रूम’ म्हणजे मी खोली आधीच राखून ठेवली होती. ‘आय’ड बुक अ रूम’ म्हणजे खोली घेईन, पण काहीतरी अट पुढे येणार आहे. फरक फक्त शेवटच्या ‘ट’ सारख्या वाजणाऱ्या टोकाचा, आणि पुढे स्वर आला की तो त्या स्वराला चिकटतो. पहिल्या पाहुण्याचे बुकिंग शोधायचे असते, दुसऱ्याला दर सांगायचा असतो. पावसाळ्यात हॉटेल अर्धे रिकामे असते. तेव्हाच्या दुपारी या ‘ड’साठी आणि ‘कुडव्ह’ (कुड हॅव), ‘शुडव्ह’ (शुड हॅव) मधल्या ‘व्ह’साठी राखून ठेवल्या आहेत, कारण तो ‘व्ह’ ऐकून मुले ‘कुड ऑफ’ असे लिहायला लागली आहेत. ही चूक इंग्रजांची मुलेही करतात, त्यामुळे तिला चूक म्हणून ओळखणे आणखी अवघड जाते.